हम्मुराबी आणि बांधणाऱ्याचा मुलगा

इंग्लंडहून आल्यावर महिनाभर लोक मला एकच विचारत होते, राणीचा राजवाडा पाहिलात का? नाही पाहिला. बाहेरून बसमधून दिसला तेवढाच. मी एका दुसऱ्याच राजाला भेटायला गेले होते, आणि तो तिथे नव्हता. त्याच्याऐवजी मला जो भेटला त्याच्याबद्दल कुणाला सांगावं हे कितीतरी महिने कळलं नाही, म्हणून आता लिहून काढते आहे.

मी सोलापूरच्या एका शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. पाचवी-सहावीला जुन्या संस्कृतींचा धडा असायचा आणि त्यात हम्मुराबी असायचाच. बाबिलोनचा राजा, पावणेचार हजार वर्षांपूर्वीचा. पुस्तकात काळ्या दगडाचं एक बोटभर चित्र होतं, शाई पसरलेलं. डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात, एवढं सांगितलं की वर्ग जागा व्हायचा. मग मी मुलांना घरबांधणीचं कलम सांगायचे. बांधणाऱ्याने घर कच्चं बांधलं आणि ते पडून घराचा मालक मेला तर बांधणाऱ्याला मारावं. मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला मारावं. इथे वर्गातली एखादी मुलगी हमखास हात वर करायची, बाई, पण मुलाचा काय दोष? मी तिला शाब्बास म्हणायचे आणि फळ्यावर लिहायचे: जुन्या काळचा न्याय रानटी होता, आज आपल्याकडे कायद्याचं राज्य आहे.

निवृत्त झाले त्याच वर्षी माझा मुलगा अभय गेला. तो राहत होता ती चार मजली इमारत भर दुपारी बसली. सहा वर्षांची इमारत. तळमजल्यावर शोरूम करायला बिल्डरने खालचे खांब काढले होते, असं सगळा रस्ता सांगत होता, पण कोर्टात तसं सांगायला रस्त्यातलं कुणी आलं नाही. बिल्डरचं म्हणणं, वरच्या लोकांनी गच्चीवर पाण्याच्या टाक्या वाढवल्या. बिल्डर आठवड्यात जामिनावर सुटला. वर्षभराने अभयचे बाबा गेले. मी तारखांना जात राहिले. तीन वर्षांत मला त्या माणसाच्या बुटांचे सगळे जोड पाठ झाले, कारण कोर्टाच्या व्हरांड्यात मी मान वर करून त्याच्याकडे पाहत नसे.

हॅरो

मुलगी मेधा लंडनच्या हॅरो भागात राहते. नवराबायको दोघं नोकरी करतात, आठ वर्षांची ईशा शाळेत जाते. मेधाने तिकीट पाठवलं आणि फोनवर सांगितलं, आई, सहा आठवडे कोर्ट विसर. मी विसरणार नव्हते, पण तो काळा दगड एकदा डोळ्यांनी पाहावा असं फार वाटत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या सुलभाताई एक पुडकं घेऊन आल्या. परदेशी निघालेल्या माणसाच्या घरी पुडकी येतात, हे आपल्याकडे ठरलेलंच आहे. त्यांच्या मावसबहिणीचा मुलगा निनाद मँचेस्टरला शिकतो, पोराचे खाण्याचे हाल आहेत, तुम्ही जातच आहात तर न्याल का? कडक भाकरी, शेंगाचटणी, बेसनाचे लाडू, मेतकूट. वजनात बसेना, म्हणून मी मेधासाठी घेतलेली अर्धी चटणी आणि माझी जाड शाल काढून ठेवली. पुडक्यावर नुसतं नाव आणि फोन नंबर होता. आडनाव विचारायचं मला सुचलंही नाही, खाऊच्या पुडक्याला कोण आडनाव विचारतं.

हॅरोत पहिला आठवडा थंडीत गेला. मे महिना आणि मी स्वेटर घालून, वर मेधाचा कोट, शालीची आठवण काढत बसलेली. रस्त्यात गुजराती दुकानं इतकी की कोथिंबीर, कढीपत्ता, तूरडाळ सगळं मिळतं. कुणाला धक्का न लागताच लोक सॉरी म्हणतात. मला तीन दिवस वाटत होतं माझंच काही चुकतंय.

मेधाच्या शेजारच्या घरी स्वयंपाकघर मोठं करायचं काम चाललं होतं. एक मधली भिंत काढायची होती, बस. एक दिवस कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, माणूस आला. त्याने छताला खालून लावलेल्या पातळ पुठ्ठ्याला भोक पाडून घेतलं, टॉर्च लावून आतली तुळई पाहिली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि काम थांबवून निघून गेला. शेजारीण कुंपणापाशी येऊन मेधाला सांगत होती, किती त्रास देतात, तीन आठवडे लांबलं. मेधाने मान डोलावली आणि आत येऊन सिंकचा नळ उगाच सोडून उभी राहिली.  मला त्या कौन्सिलवाल्याचा इतका राग आला की काय सांगू. एक स्वयंपाकघर आणि एवढी काळजी. अभयच्या इमारतीच्या कागदांवर सह्या करणाऱ्याने एकदा टॉर्च लावली असती तर.

लंडनचं संग्रहालय

शनिवारी आम्ही तिघी लंडनच्या मोठ्या संग्रहालयात गेलो. एवढं मोठं संग्रहालय की ईशाच्या शाळेची सहल दोनदा येऊनही अर्धं राहिलंय. बाहेर खांबांची रांग, आत जगभरची लूट मांडलेली. मी चौकशीच्या टेबलापाशी जाऊन माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत विचारलं, हम्मुराबीचा कायद्याचा दगड कुठे आहे? बाई फार अदबीने म्हणाल्या, मॅडम, तो पॅरिसला आहे.

एकतीस वर्षं. दर वर्षी मी वर्गाला सांगत आले होते की तो लंडनला आहे. कुणी मला सांगितलं नव्हतं, पुस्तकात लिहिलं नव्हतं. जगातलं जे काही उचलून नेलेलं असेल ते लंडनलाच असणार, असं मी गृहीत धरलं होतं. मेधा हसू दाबत म्हणाली, "आई, अगं रेल्वेने अडीच तासांचा प्रवास आहे, पण तुझ्याकडे फ्रान्सचा व्हिसा नाही." मलाही हसू आलं. तो माझा ह्या प्रवासातला शेवटचा मोकळा हसण्याचा प्रसंग.

तरी बाबिलोनच्या दालनात गेलोच. तिथे चुनखडीच्या एका फुटक्या तुकड्यावर हात वर करून उभा एक दाढीवाला माणूस आहे. कुणा अधिकाऱ्याने राजाला आयुष्य मागण्यासाठी देवाला वाहिलेला दगड. तो कोरलेला माणूस बहुधा हम्मुराबी, असं पाटी म्हणते. बहुधा. शेजारी कपाटांत मातीच्या विटकुऱ्या, खारी बिस्किटाएवढ्या, त्यांवर चिमणीच्या पावलांसारखी अक्षरं. खाली दुकानात एक जाड पुस्तक मी उभ्या उभ्या चाळलं. विक्रेता दोनदा जवळून गेला तरी ठेवलं नाही.

ह्या राजाने त्रेचाळीस वर्षं राज्य केलं. गादीवर बसला तेव्हा बाबिलोन हे चार मोठ्या शेजाऱ्यांच्या मधलं एक बेताचं राज्य होतं. तो कालवे खणत राहिला, तह करत राहिला, तह मोडत राहिला, आणि म्हातारपणी सगळं खोरं त्याचं झालं. मला लढायांत रस नव्हता. पुस्तकातली त्याची पत्रं वाचून मात्र मी हादरले. अमुक कालव्यातला गाळ ह्या महिन्यात निघालाच पाहिजे. अमक्याची जमीन कुणी बळकावली आहे, चौकशी कर. एका गावात लाच घेतल्याची तक्रार आली आहे, खरी असेल तर ती लाच मोहोरबंद करून आणि घेणाऱ्यांना सोबत घेऊन माझ्याकडे पाठव. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी आणि एका शेतकऱ्याच्या तक्रारीवर पत्र लिहितो. मी तीन वर्षांत कितीतरी अर्ज केले. एकाला पोच मिळाली, तिच्यावर अभयचं नाव चुकलेलं होतं.

आणि त्या दगडाचं पुढे काय झालं तेही त्यात होतं. सहाएकशे वर्षांनी पूर्वेकडच्या एका राजाने तो लुटून आपल्या राजधानीत नेला. खालच्या बाजूची काही कलमं घासून पुसून टाकली, तिथे स्वतःचं नाव कोरायचं होतं म्हणून. पण नाव कोरलंच नाही. जागा तशीच कोरी राहिली. कोणते कायदे होते ते पूर्ण कुणाला माहीत नाही. घरबांधणीची कलमं मात्र शाबूत आहेत, मी पाहून घेतली.

ईशाने तिच्या हॅरोच्या मराठीत विचारलं, "आजी, हा राजा खूप स्ट्रिक्ट होती का?"

मी हो म्हणाले. ती म्हणाली, "गुड होती की बॅड?" एकतीस वर्षं ज्याचं उत्तर मी फळ्यावर लिहीत आले तो प्रश्न. मी तिला म्हटलं, चल, भूक लागली असेल. कँटीनमध्ये थंडगार चीजचं सँडविच खाल्लं. ब्रेड ओला होता.

एक मात्र सांगायला हवं. त्या दालनात उभी असताना मला तो कायदा हवासा वाटला. बिल्डरला एक मुलगा आहे एवढं मी ऐकून होते, त्याला कधी पाहिलं नव्हतं. बुटांवरून नजर वर जात नव्हती तिथे मुलाची काय चौकशी करणार. पण त्या शनिवारी मी त्या न पाहिलेल्या मुलाचा विचार केला, आणि वर्गातल्या हात वर करणाऱ्या मुलीला मनातल्या मनात खाली बस म्हणाले.

मँचेस्टर

मेधाला ऑफिसच्या कामाने दोन दिवस मँचेस्टरला जायचं होतं. मी पुडकं घेऊन सोबत गेले. फोन केला तर निनाद म्हणाला, काकू, तुम्ही कशाला शोधत येता, मी घ्यायला येतो. आणि आला. उंच, किडकिडीत, दाढीचे खुंट, हातात छत्री. भर स्टेशनात वाकून नमस्कार केला. आजूबाजूचे गोरे बाजूला झाले. मला त्याचं फार कौतुक वाटलं. मेधा कामाला गेली आणि आम्ही ट्रॅमने निघालो. ट्रॅम रस्त्याच्या मधून, माणसांमधून आपली शांतपणे जाते, कुणी हॉर्न वाजवत नाही. विटांच्या लाल गिरण्या दिसल्या की निनाद सांगे, काकू, आपल्या सोलापूरसारखंच, हेही गिरणगाव. त्यांच्या गिरण्यांचे आता फ्लॅट झालेत. आमच्या गिरण्यांचं काय झालं ते आम्हा दोघांना माहीत होतं.

त्याची खोली एका जुन्या घरात वर होती, चार मुलं मिळून राहत होती. बाकीचे तिघे बाहेर गेले होते. खोली नीटनेटकी. त्याने चहा केला, आलं किसून. पुडकं सोडलं, भाकरीचा वास घेतला आणि पहिला लाडू माझ्या हातावर ठेवला. काय शिकतोस विचारलं तर म्हणाला, स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग, एमएस्सी झालं, आता पीएचडी. जुन्या इमारती का पडतात ह्यावरच त्याचं काम. मी लाडू खात होते. चांगला झाला होता, बेसन खमंग भाजलेलं.

मग मी टेबलावरचा फोटो पाहिला. भूमिपूजनाचा. नारळ, हार, कुदळ, आणि मधे हसणारा माणूस. चेहरा ओळखायला मला वेळ लागला. पूजेतही त्याच्या पायांत बूट होते, ते पाहिले तेव्हा खात्री पटली. तोंडातला घास गिळता येईना आणि थुंकताही येईना.

मी विचारलं, हे कोण? तो म्हणाला, बाबा.

त्याने दोनदा विचारलं, काकू, पाणी देऊ का? मला उठून जाता आलं असतं. मेधाला फोन करता आला असता. मी फक्त एवढंच म्हणाले, "मी अभयची आई."

कोण अभय, असं त्याने विचारलं नाही. हातातला कप खाली ठेवला. इमारतीत सात माणसं गेली होती, त्यांतलं एक नाव ऐकल्याबरोबर ह्याला कळलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" त्याने विचारलं.

"नाही. तुला?"

"आई फक्त म्हणाली की सुलभामावशींच्या शेजारच्या काकू येतील." मग फोटोकडे न बघता तो बोलू लागला. मी विचारलं नव्हतं. "काकू, मी तेव्हा फायनल इयरला होतो. सुट्टीत साइटवर जायचो. खालचे दोन कॉलम तोडताना मी तिथे होतो. मी बाबांना म्हटलं, हे लोड-बेअरिंग आहेत, वरचा सगळा भार ह्यांच्यावर आहे, आधी टेकू, प्रॉप्स लावा, ड्रॉइंग चेक करा. तिथल्या माणसांसमोर म्हटलं."

"मग?"

"ते हसले. म्हणाले, पुस्तकं वाचून बिल्डिंग उभी राहत नाही. नंतर तीन आठवड्यांनी..." तो थांबला. "डिग्री झाल्या झाल्या मला इकडे पाठवलं. पोलिसांनी मला कधी काही विचारलंच नाही."

तीन वर्षं मी ज्या एका साक्षीदारासाठी दारोदार फिरले तो इथे बसला होता. खांब काढले, बिल्डरला आधी सांगितलं होतं, आणि त्याने ऐकलं नाही, एवढं एका माणसाने कोर्टात म्हणावं, एवढीच माझी गरज होती. आणि त्या माणसाचा खाऊ मी माझी शाल काढून, माझ्या बॅगेत घालून आणला होता.

मी विचारलं, "हे कोर्टात येऊन सांगशील?"

तो खिडकीकडे बघत राहिला. खाली ट्रॅम गेली. मग म्हणाला, "काकू, ते माझे बाबा आहेत."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. अभयलाही बाबा होते, ते त्याच्या मागे वर्षभर बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून पडून होते आणि तसेच गेले, हे सांगायचं होतं.  पण मी एवढंच म्हटलं, तुझा पत्ता लिहून दे. त्याने लगेच वहीचं पान फाडलं आणि ठळक अक्षरांत पूर्ण पत्ता लिहिला, पोस्टकोडसकट. खाली पूर्ण नाव, आडनावासह. पळून जाणारा माणूस असा पत्ता लिहीत नाही, असं मला तेव्हा वाटलं.

मेधाला सांगितलं तेव्हा ती आधी सुलभाताईंवरच चिडली. मला सुलभाताईंचं काही वाटेना. मला डोळ्यांसमोर सारखा तो लाडू दिसत होता, आणि तो मला आवडला होता.

सोलापूर

परत आल्यावर सुलभाताईंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, आधी सांगितलं असतं तर तुम्ही नेलं नसतंत. त्यात पोराचा काय दोष? त्यांचं बरोबर होतं, म्हणून मी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

सरकारी वकिलांकडे पत्ता घेऊन गेले. ते तरुण आहेत, बरे आहेत, आतापर्यंतचे तिसरे. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, बाई, तो तुम्हाला काय बोलला ह्याला इथे अर्थ नाही, त्याने स्वतः येऊन सांगायला हवं. आणि मुलाला बापाविरुद्ध उभं करायला इंग्लंडहून आणणार कोण? पत्ता त्यांनी फाईलला लावला. फाईल आता इतकी जाड आहे की तिला दोरी पुरत नाही.

मग मीच लिहिलं. तीन पत्रं, साध्या भाषेत, न रागावता. दोनांना उत्तर नाही. तिसऱ्याला आलं, पाचच ओळींचं. त्याने लिहिलं होतं की बाबांच्या विरुद्ध उभं राहणं त्याला जमणार नाही, त्याने प्रयत्न करून पाहिला. पण आता तो त्यांच्या पैशावर शिकत नाही, तिथेच नोकरी घेतली आहे आणि परत सोलापूरला येणार नाही. माफी मागितली नव्हती. ते मला बरं वाटलं, कारण मागितली असती तर मला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

केस चालू आहे. बिल्डर जामिनावर आहे. विजापूर रोडला त्याची सात मजली इमारत उभी राहते आहे, तिच्या फलकावर हिरवीगार झाडं आणि पोहण्याचा तलाव काढला आहे. सोलापुरात, जिथे नळाला चार दिवसांनी पाणी येतं.

गेल्या आठवड्यात भर दुपारी दारावर थाप पडली. एक बाई उभ्या होत्या, माझ्याच वयाच्या, चांगली साडी, रिक्षाने आलेल्या. त्यांनी नाव सांगितलं आणि मला समजलं. आत या म्हणाले, पाणी दिलं. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"निनादचा फोन येत नाही," त्या म्हणाल्या. "आधी दर रविवारी यायचा. आता मी केला तर दोन मिनिटं बोलतो आणि ठेवतो. ह्यांचं नाव काढलं तर लगेच ठेवतो. तुम्ही भेटून आल्यापासून. तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

"मी काही सांगितलं नाही," मी म्हणाले. "त्यानेच मला सांगितलं."

काय सांगितलं, असं त्या विचारतील म्हणून मी थांबले. सगळं शब्दाला शब्द माझ्या तोंडात तयार होतं. त्यांनी विचारलं नाही. पेला दोन्ही हातांत धरून त्या त्यातल्या पाण्याकडे बघत बसल्या, आणि मला दिसलं की त्यांना आता विचारायची गरज उरलेली नाही. मग म्हणाल्या, एकुलता एक आहे हो. मी म्हणाले, हो. त्या उठल्या.

दार लावून घेतलं आणि मला बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय. तीन वर्षांत कुठल्याही तारखेनंतर वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. बाहेर त्या जिना उतरताना ऐकू येत होतं, दर पायरीवर थांबून, कठड्याला बांगड्या घासत. एक मजला उतरून त्या थांबल्याच. मग रडू ऐकू आलं, तोंडात पदर कोंबून दाबलेलं. ते रडू मला चांगलं ओळखता येतं. मी दारामागे उभी राहून ते संपेपर्यंत ऐकलं, आणि दार उघडलं नाही.